नाव कंपनीचे, हात कारागिराचा



घराची साफसफाई निघाली की जुन्या पेटीच्या तळाशी कधीतरी एक मिटणारा चाकू सापडतो. पाते काळे पडलेले, मुठीला बारीक चीर, उघडायला जड. कुणी म्हणते, भंगारात देऊन टाका. कुणी म्हणते, धारवाला आला की त्याच्या चाकावर धरा. आणि घरातला एखादा उत्साही मुलगा पॉलिश पेपर घेऊन बसतो व तासाभरात चाकू नव्यासारखा लखलखीत करून सगळ्यांना दाखवतो. या तिन्हींत नुकसानीचे काम तिसरे. भंगारात गेलेली वस्तू निदान एखाद्या जाणकाराच्या हाती लागू शकते. घासून गेलेली खूण परत येत नाही.

जुने खिशातले चाकू जमवणारी माणसे जगभर आहेत. ती एकत्र बसली की किमतीपेक्षा जास्त बोलतात ते पिनांबद्दल, आतल्या पत्र्यांबद्दल, मुठीचे हाड खरे की खोटे याबद्दल. ऐकणाऱ्याला हे वेड वाटेल. पण त्यांचे बोलणे नीट ऐकले तर एक गोष्ट लक्षात येते. पात्यावर नाव कोरलेले असते ते कंपनीचे. ज्याने तो घडवला त्याचे नाव कुठेच नसते. त्याची ओळख उरते ती फक्त जोडात, धारेत आणि मुठीच्या कामात. ती वाचायची कशी, एवढेच आज पाहू. म्हणजे पुढच्या वेळी पेटीतून चाकू निघाला तर पॉलिश पेपर शोधण्याआधी घरचे दोन मिनिटे थांबतील.

शेफिल्ड ते रत्नागिरी

रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरांतून कित्येक पिढ्या माणसे बोटीवर गेली. पी. अँड ओ.सारख्या इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर काम करणाऱ्या खलाशांत कोकणी मुसलमानांचा मोठा भरणा असे. खलाशाला चाकू लागतोच. दोर कापायचा, गाठ सोडवायची, फळ चिरायचे, जेवताना मासा साफ करायचा. शिवाय मुंबईच्या बाजारातही विलायती चाकू मिळत. त्यामुळे कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुन्या पेटीत इंग्रजी बनावटीचा चाकू निघाला तर नवल नाही. आणि तो इंग्रजी असेल तर शेफिल्डचा असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

शेफिल्ड हे उत्तर इंग्लंडमधले गाव. आसपासच्या ओढ्या-नद्यांवर पाणचक्क्या फिरत, डोंगरात सहाणेचा दगड मिळे, जवळ कोळसा होता. एवढ्या भांडवलावर इथे चाकूचा धंदा उभा राहिला. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या एका गोष्टीतला गिरणीवाला पायमोज्यात शेफिल्डचा चाकू खोवून फिरतो, म्हणजे नाव तेव्हाच झालेले होते. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तिथल्या चाकू कारागिरांचा संघ स्थापन झाला आणि कोणता कारागीर कोणता ठसा वापरील याची नोंद तो ठेवू लागला.

पुढे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने पोलाद मुशीत पूर्ण वितळवून ओतण्याची रीत काढली. घड्याळाच्या स्प्रिंगला सगळीकडे सारखे पोलाद हवे होते आणि ते त्याला मिळत नव्हते. गंमत अशी की शेफिल्डच्या चाकूवाल्यांनी सुरुवातीला हे पोलाद फार कठीण म्हणून नाकारले. ते फ्रान्सला गेले, तिकडून त्याचे उत्तम चाकू येऊ लागले, तेव्हा कुठे गावाला जाग आली.

या गावात एक चाकू एका माणसाच्या हातून तयार होत नसे. लोहार पाते ठोकून त्याला पाणी देई. शिकलगार ते दगडावर घासून धारेला आणी. आपल्याकडे शिकलगार हे आडनावच आहे, त्यामुळे या कामाची वेगळी ओळख करून द्यायला नको. शेवटी जोडारी पाते, स्प्रिंग, पत्रे आणि मूठ एकत्र बसवी. यांतले बरेच जण कंपनीचे पगारी नोकर नसत. मोठ्या इमारतीत एक खोली किंवा एक चाक भाड्याने घेऊन ते कंपन्यांसाठी नगावर काम करीत. त्यांना तिकडे ‘लिटल मेस्टर’, म्हणजे छोटे उस्ताद म्हणत. माल तयार झाला की त्यावर ठसा पडे तो काम देणाऱ्या कंपनीचा.

मिटलेला चाकू हातात घ्या

आता चाकूकडे वळू. तो अजून उघडू नका. मिटलेल्या चाकूच्या पाठीकडून पाहिले तर थर दिसतात. मधोमध पोलादाची पट्टी, ती स्प्रिंग. तिच्या दोन्ही बाजूंना पितळेचा किंवा लोखंडाचा पातळ पत्रा. त्यावर बाहेरून मुठीचे दोन काप, हाडाचे, शिंगाचे किंवा लाकडाचे. मुठीच्या टोकांना बहुधा धातूच्या टोप्या असतात. त्या लोखंडाच्या तरी असतात नाहीतर जर्मन सिल्व्हरच्या. नावात सिल्व्हर असले तरी यात चांदी नावालाही नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांची ती मिश्र धातू. टोपी शोभेसाठी नाही. पाते ज्या पिनेवर फिरते तिच्यावर सगळा ताण येतो, आणि तिथे नुसते हाड असते तर ते फुटले असते.

हे थर उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि पत्रा यांच्यामधून उजेड दिसतो का? चांगल्या कामात दिसत नाही. नंतर पाठीवरून अंगठा फिरवा. स्प्रिंग पत्र्याच्या बरोबरीने आहे की कुठे वर आली, कुठे आत गेली? हाताने जोडलेल्या चाकूत ही पातळी साधणे फार अवघड. जोडारी चाकू जुळवून पाही, पुन्हा उकलून कानस मारी, पुन्हा जुळवी. पाते मिटलेले असताना आणि पूर्ण उघडलेले असताना, दोन्ही वेळा पाठ सपाट लागली पाहिजे. कंपनीने कितीही मोठे नाव कोरले तरी ही सपाटी नावाने येत नाही.

टोपीवर पात्याची पिन शोधून पाहा. चांगल्या चाकूत ती दिसतच नाही. पिन त्याच धातूची घेऊन, ठोकून पसरवून, वरून घासून टोपीत अशी मिसळवतात की डोळ्याला वर्तुळ सापडत नाही. टोपीवर पिनेचे डोके ठळक दिसत असेल किंवा भोवती ठोकल्याच्या खुणा असतील तर चाकू कुणीतरी पुन्हा उकलला असावा. त्यात गैर काही नाही, पूर्वी वस्तू दुरुस्त करूनच वापरत. पण जमवणारे तिथे थबकतात आणि मग वाद रंगतो: पाते मूळचे आहे की दुसऱ्या चाकूचे बसवले?

आवाज ऐका

आता उघडा. पात्यावर नखासाठी एक खाच असते, तिच्यात नख घालून सावकाश ओढा. पाते आधी विरोध करते आणि मग एका ठिकाणाहून स्वतःच पुढे झेप घेते. शेवटी ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. मिटवतानाही तसाच. इंग्रजी बोलणारे जमवणारे याला चाकूची चाल आणि बोली म्हणतात. बैल घेताना चाल पाहावी तसे ते चाकूची चाल पाहतात.

या चाकूत कुलूप नसते. पाते उघडे राहते ते फक्त स्प्रिंगच्या दाबाने. पात्याचे बूड मुठीच्या आत असते. त्याच्या कडा कशा घासल्या आहेत त्यावर चाल ठरते. बूड चौकोनी ठेवले तर पाते अर्ध्यावर, काटकोनात, क्षणभर थांबते. यामुळे मिटवताना बोट सापडण्याची भीती कमी होते. बूड गोलसर केले तर पाते न थांबता एका दमात मिटते. कोणते चांगले यावर जमवणारे तासन् तास भांडतात. एक म्हणतो, अर्ध्यावरचा थांबा हे कारागिराचे कौशल्य. दुसरा म्हणतो, लोण्यासारखी फिरणारी चाल हेच खरे काम. वाचकांनी या भांडणात पडू नये. दोन्ही रीतीचे उत्तम चाकू झाले आहेत. पाहायचे ते एवढेच की उघडलेले पाते बाजूला डुगडुगते का, आणि मिटवल्यावर पात्याचे टोक मुठीबाहेर डोकावते का. टोक बाहेर येत असेल तर ते कधीतरी मोडून पुन्हा घासलेले असू शकते.

स्प्रिंग आणि पाते दोन्ही पोलादाची, पण त्यांना पाणी वेगवेगळे दिलेले असते. पाते लाल तापवून बुडवले की ते काचेसारखे कठीण आणि तितकेच ठिसूळ होते. मग ते पुन्हा हलके तापवायचे. घासलेल्या पोलादावर आधी फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा रंग चढतो, पुढे तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. पाते पिवळ्यावर थांबवतात, कारण त्याला धार धरायची असते. स्प्रिंग निळ्यापर्यंत नेतात, कारण तिला वाकून परत यायचे असते. रंग पुढे गेला की पाते मऊ पडले. थर्मामीटर नव्हते, भट्टीच्या उजेडात डोळा हेच माप होते. साठ-सत्तर वर्षे पेटीत पडलेल्या चाकूची स्प्रिंग आजही ‘टक्’ करते, ती त्या डोळ्यामुळे.

काळे पाते म्हणजे खराब पाते नव्हे

जुनी पाती साध्या कार्बन पोलादाची. कैरी, लिंबू, कांदा लागला की ती काळवंडतात. हा करडा-निळसर थर आणि लाल-तपकिरी गंज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला पात्याला थोडे राखतो, दुसरा खातो. जमवणारे काळवंडलेल्या थराला हात लावत नाहीत, गंज तेवढा काढतात.

गंज न चढणारे पोलादही शेफिल्डचेच. हॅरी ब्रिअर्ली तिथे बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात त्यावर उपाय शोधत होते. १९१३ मध्ये त्यांनी ओतलेल्या क्रोमियम मिश्रित पोलादाला गंज चढत नाही हे लक्षात आले. हे सुऱ्यांना वापरा असे ते सांगू लागले, तर गावातल्या कारागिरांनी सुरुवातीला नाक मुरडले, कारण त्या पोलादाला त्यांच्या सवयीच्या रीतीने पाणी देता येत नव्हते आणि धार टिकत नव्हती. या इतिहासाचा उपयोग आपल्याला असा, की पात्यावर ‘स्टेनलेस’ असा ठसा असेल तर चाकू पहिल्या महायुद्धाच्या आधीचा नाही, हे निश्चित.

मूठ कशाची?

सर्वांत जास्त फसगत इथे होते. घरात सगळे सांगतात, ‘हस्तिदंताची मूठ आहे.’ बहुतेक वेळा ते हाड असते, नाहीतर सेल्युलॉइड.

हाड ओळखायचे असेल तर भिंग घ्या. हाडात बारीक काळे ठिपके किंवा आखूड रेषा दिसतात. त्या रक्त वाहणाऱ्या नळ्यांच्या खुणा आहेत. हस्तिदंतात हे ठिपके नसतात. आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडच्या नकली दंतात रेषा असतात, पण वहीवर आखल्यासारख्या सरळ आणि समांतर. कापडाने जोरात चोळून हुंगले तर कधी कापराचा वास येतो, कारण सेल्युलॉइड बनवताना कापूर वापरतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा उपाय कुणी सुचवला तर तो ऐकू नका. खूण कायमची राहते आणि सेल्युलॉइड पेट घेते.

हाडाच्या मुठी बहुधा गुरांच्या पायाच्या नळीच्या असतात. त्यावर खाचा पाडून आणि रंग देऊन सांबरशिंगासारखे रूप आणत. खरे सांबरशिंग मात्र आपल्याकडचे. शेफिल्ड आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारखान्यांना हिंदुस्थानातून सांबराची शिंगे जात. इतर हरणांच्या शिंगांच्या मानाने सांबराचे शिंग आतून जास्त भरीव असते, म्हणून त्याचे काप चांगले निघतात. वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यांमुळे ही निर्यात पुढे बंद झाली, आणि तेव्हापासून जुन्या शिंगाच्या चाकूंना परदेशात भाव चढला. म्हशीचे शिंग, आबनूस, शिसवी, शिंपला, कासवाची पाठ यांचीही मूठ असे. शिंग उजेडाला धरले तर पातळ कडेतून मधासारखा रंग दिसतो. ते कोरडे पडले की थरांनी सुटू लागते.

इथे कायद्याची गोष्ट सांगणे गरजेचे आहे. भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. सांबरशिंग आणि कासवाच्या पाठीच्या वस्तूही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात. वस्तू आजोबांच्या काळची आहे, एवढे सांगून सुटका होत नाही. ब्रिटनमध्येही हस्तिदंताच्या व्यापारावर कडक कायदा २०२२ पासून लागू आहे. तेव्हा अशा मुठीचा चाकू विकण्याचा, परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा. फोटो पाहून कुणी मोठी रक्कम देऊ करत असेल तर जास्तच सावध राहा.

ठसा खरा की खोटा?

पात्याच्या बुडाजवळ, मुठीला लागून, बारीक अक्षरे असतात. जोसेफ रॉजर्स अँड सन्स यांची खूण चांदणी आणि माल्टीज क्रूस. जॉर्ज वोस्टनहोम यांची खूण आय-एक्स-एल. राजघराण्याचे चाकूवाले असा मान मिळालेल्या कंपन्या मुकुट आणि राजाच्या नावाची आद्याक्षरे कोरत. व्ही. आर. असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १८३७ ते १९०१. जी. आर. म्हणजे जॉर्ज, पण त्या नावाचे राजे अनेक झाले, म्हणून इतर खुणाही पाहाव्या लागतात. १८९१ पासून अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. त्यामुळे तिकडचे जमवणारे ‘इंग्लंड’ हा शब्द दिसला की चाकू साधारण त्यानंतरचा धरतात.

नाव मोठे झाले की चोर येतातच. एकोणिसाव्या शतकात झोलिंगेनहून आणि इतरत्रहून येणाऱ्या स्वस्त मालावर शेफिल्डचे नाव सर्रास घातले जाई. ब्रिटनने १८८७ मध्ये मालावरील खुणांचा कायदा केला आणि परदेशी मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, त्यामागे ही तक्रार मोठी होती. पुढे ‘मेड इन जर्मनी’ हीच दर्जाची खूण ठरली, हा काळाचा विनोद. आजही नकली ठसे आहेत. पण ठसा मारायला क्षण लागतो, तर पाठ सपाट करायला उभे आयुष्य घालवलेला हात लागतो. म्हणून जाणकार आधी जोड पाहतो आणि मग नाव वाचतो.

नाव नसलेली माणसे

रॉजर्स कंपनीने १८२२ मध्ये एक अचाट चाकू बनवला. त्याला १८२२ पाती होती, आणि पुढे त्यात भर पडत गेली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्याच कंपनीने ७५ पात्यांचा ‘नॉरफोक’ चाकू केला. तो आजही शेफिल्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. या चाकूंची छायाचित्रे सगळीकडे दिसतात. पण ती पाती घासणाऱ्या शिकलगारांचे काय झाले?

दगडाची आणि पोलादाची धूळ त्यांच्या छातीत जाई. एंगल्स यांनी इंग्लंडच्या कामगारांवर १८४५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात शेफिल्डच्या डॉ. नाइट यांचा दाखला दिला आहे. कोरड्या दगडावर काम करणारे जेमतेम पस्तिशी गाठत, ओल्या दगडावरचे क्वचित पंचेचाळिशी ओलांडत. काटे घासणारे कोरड्या दगडावर बसत, खिशातल्या चाकूंची पाती बहुधा ओल्या दगडावर घासली जात. म्हणजे ज्या धारेचे आपण कौतुक करतो, तिच्या हिशेबात माणसांची वर्षे आहेत.

तुलनेसाठी आपल्या परंपरेतले एक उदाहरण पाहा. खत्तात, म्हणजे सुलेखनकार, बोरूची लेखणी ज्या छोट्या सुरीने तासत तिला कलमतराश म्हणतात. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा शब्दही पिसाची लेखणी तासण्यावरूनच आला. कलमतराश मिटणारी नसे. बारीक पाते आणि लांब मूठ असे तिचे रूप. उस्मानी काळातल्या इस्तंबूलच्या कित्येक कलमतराशांच्या पात्यावर घडवणाऱ्या उस्तादाचे नाव आहे. खत्तात खाली आपली सही करी आणि त्याची लेखणी तासणाऱ्या सुरीवर सुरीवाल्याची सही असे. शेफिल्डच्या जोडाऱ्याला हा मान बहुधा मिळाला नाही.

स्टॅन शॉ यांच्या रूपाने तो उशिरा का होईना मिळाला. १९२६ मध्ये जन्मलेल्या शॉ यांनी पोरवयात शेफिल्डच्या कारखान्यात उमेदवारी केली, पुढे एकट्याने चाकू घडवले आणि त्यांवर स्वतःचे नाव घातले. त्यांच्या चाकूसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्या रीतीने सगळे काम एकहाती जाणणारे फारच थोडे उरले होते.

रामपूरची आठवण

मिटणारा चाकू म्हटल्यावर आपल्याकडे पहिले नाव निघते ते रामपुरीचे. तो वेगळ्या जातीचा. त्यात खटका असतो, पाते उघडले की अडकून बसते आणि खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी, त्यात मुस्लिम घराणी मोठ्या संख्येने होती, पितळेच्या आणि शिंगाच्या मुठीवर सुंदर काम केले. हिंदी सिनेमाने मात्र तो गुंडाच्या हातात दिला आणि कारागिराचे काम मागे पडले. राज्य सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याच्या चाकूवर बंदी घातल्यावर तिथला चाकूबाजार आटत गेला. २०२३ मध्ये त्याच शहराच्या एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा धातूचा रामपुरी चाकू उभारला गेला. पुतळा उभा राहिला ही चांगली गोष्ट. पण पितळ कापणारा, पाते घासणारा हात शिकवायला विद्यार्थी राहिला नाही, तर पुतळ्याने धंदा परत येत नाही.

कायदा इथेही लक्षात ठेवा. देशाच्या शस्त्रनियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या वापराच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. खिशातला तीन इंची चाकू या मापात येत नाही. तरी विमानप्रवासात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. आखाताला जाताना आठवण म्हणून बरोबर घ्यायचा असेल तर आत जाणाऱ्या सामानात ठेवा.

घरी काय करावे?

चाकू सापडला की प्रथम काहीही न करता सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कोरड्या फडक्याने पुसा. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाका, रात्रभर ठेवा आणि मग सावकाश उघडा. जोर करू नका, नखाऐवजी पक्कड तर मुळीच लावू नका. आतला मळ काडीने काढा. लाल गंज तेल आणि मऊ कापडाने जेवढा निघेल तेवढा काढा.

चाकावर धार लावून घेऊ नका. चाकावर पाते तापते, दिलेले पाणी उतरते आणि कंपनीचा ठसा दोन मिनिटांत झिजतो. वापरायचाच असेल तर घरच्या निसण्यावर पाणी घालून हलक्या हाताने धार लावा. वापरल्यावर पाते कोरडे करून तेलाचे बोट फिरवा. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत हे महिन्यातून एकदा तरी करावे लागते.

चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका, चामडे ओल धरते. सेल्युलॉइडची मूठ असेल तर तो चाकू इतर चाकूंपासून दूर, हवा खेळेल असा ठेवा. जुने सेल्युलॉइड विरघळू लागले की त्यातून निघणारा वायू शेजारच्या पात्यांनाही गंज चढवतो. आणि मुलांच्या हाती देताना मिटवायची रीत आधी शिकवा: बोटे पात्याच्या वाटेत नकोत, तळहाताने पाठीवर दाब द्यायचा.

एक काम मात्र चाकूपेक्षा आधी करायला हवे. तो कुणाचा होता, कोणत्या बोटीवर होता, कुठून घेतला, हे घरात ज्यांना आठवते अशी दादी, नानी, चाचा आज हयात असतील तर त्यांना बसवून विचारा आणि एका चिठ्ठीवर लिहून ती चाकूबरोबर ठेवा. घडवणाऱ्याचे नाव शेफिल्डमध्येच हरवले. वापरणाऱ्याचे नाव वाचवणे अजून आपल्या हातात आहे.